नंबर दिसत नाही म्हणजे तो कुठे नोंदला जात नाही, असं नाही

सातारा तालुक्यातल्या एका गावातून एका ताईंनी विचारलंय. मिस्टर सैन्यात आहेत, सध्या बाहेर पोस्टिंगला. गेले दोन महिने रात्री साडेअकरा ते दोनच्या दरम्यान त्यांच्या मोबाईलवर फोन येतो आणि स्क्रीनवर फक्त ‘प्रायव्हेट नंबर’ एवढंच दिसतं. उचलला तर पलीकडे शांतता, कधी नुसता श्वास. दोनदा त्यांचं नाव घेतलं. मिस्टरांचा फोन कधीही येतो, त्यामुळे मोबाईल बंद ठेवता येत नाही. सासूबाई सकाळी चहाच्या वेळी विचारतात, ‘रात्री कुणाचा गं फोन होता?’ शेजारच्यांनी सल्ला दिला की नंबरच नाही तर पोलीस काय करणार, सिम बदलून टाक. ताईंचे प्रश्न दोन आहेत : सिम बदलू का, आणि तक्रार कशाच्या जोरावर करू?

ताई, सिम आत्ता बदलू नका. तुमचा नंबर हीच या घटकेला त्या माणसापर्यंत जाणारी एकमेव वाट आहे. ती बंद केलीत तर त्याचा माग तिथेच संपतो. तो गावातला किंवा नात्यातला असेल, तर नवा नंबर त्याला आठवडाभरात मिळेल आणि मग सगळं पहिल्यापासून सुरू होईल.

मी १९८४ साली साताऱ्यात टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागले. आधी ट्रंक बोर्ड, म्हणजे बाहेरगावचे कॉल हाताने जोडून द्यायचं काम, मग १९७ आणि १९८ ची चौकशी-तक्रार, मग एक्स्चेंजमधलं काम, आणि २०२० च्या जानेवारीअखेर स्वेच्छानिवृत्ती. रात्रपाळीला बोर्डावर आम्ही दोघी-तिघीच असायचो. चौकशीच्या लाइनवर येणारे घाणेरडे फोन आम्ही रोज झेललेत. तेव्हा वरिष्ठांकडून एकच उत्तर मिळायचं, ‘लक्ष देऊ नका.’ त्या उत्तराचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. निवृत्तीनंतर असा त्रास होणाऱ्या बायकांबरोबर कागदपत्रं घेऊन मी पोलीस ठाण्यात जाते. आजवर बऱ्याच जणींबरोबर गेले आहे.

आता नंबर लपतो म्हणजे नेमकं काय होतं ते पाहू. कुणीही फोन लावला की त्याचा नंबर कॉलबरोबरच निघतो आणि एका एक्स्चेंजकडून दुसऱ्याकडे जात जात तुमच्या कंपनीपर्यंत पोचतो. त्या नंबराबरोबर एक खूण असते : समोरच्याला दाखवायचा की नाही. ‘दाखवू नका’ अशी खूण असेल तर शेवटचं एक्स्चेंज तो तुमच्या हॅण्डसेटला देत नाही. पण स्वतःच्या दप्तरी उतरवून घेतं, कारण कंपन्यांचे एकमेकींशी हिशोब असतात आणि सरकारचा तसा नियमही आहे. म्हणजे नंबर फक्त तुमच्या डोळ्यांपुढून झाकलेला असतो. या नोंदीला सीडीआर म्हणतात. डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटी बदलल्या, तेव्हापासून कंपन्यांना ती किमान दोन वर्षं जपून ठेवावी लागते. तुमचे दोन महिने त्यात आरामात बसतात.

आपल्याकडे नंबर लपवण्याची सोय कुणालाही मागून मिळत नाही. खास परवानगीने मोजक्या व्यक्तींना ती दिली जाते आणि त्यांची यादी कंपनीला ठेवावी लागते. गल्लीतल्या पोराच्या साध्या सिमवर ती नसते. त्यामुळे मध्यरात्री ‘प्रायव्हेट नंबर’ असं येतं, तेव्हा बहुतेक वेळा तो कॉल इंटरनेटवरच्या एखाद्या कॉलिंग ॲपमधून, परदेशातल्या वाटेने फिरून आलेला असतो आणि वाटेत नंबर गळालेला किंवा मुद्दाम काढलेला असतो. हा माग काढायला वेळ लागतो, कारण मधली कंपनी परदेशातली असू शकते. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर तुम्ही हात टेकणार नाही.

पण माझ्या पाहण्यातला असा जवळजवळ प्रत्येक माणूस कुठेतरी चुकलाय. ॲपमधले पैसे संपतात, नेट जातं, नाहीतर तुम्ही फोन उचलत नाही म्हणून तो बिथरतो आणि एका रात्री साध्या सिमवरून लावून बसतो. कधी दिवसा मिस्ड कॉल देऊन बघतो, नंबर चालू आहे का. तो एक कॉल पुरतो. म्हणून मी प्रत्येकीला पहिल्या दिवशी एकच गोष्ट आणायला सांगते : वही.

साधी शंभर पानी. मोबाईलमधली नोंद नको, कारण मोबाईल हरवतो, बिघडतो, घरातलं कुणी हाताळतं. वहीत तारीख, मिनिटापर्यंत वेळ, किती सेकंद चालला, स्क्रीनवर काय दिसलं, काय ऐकू आलं. पंखा, कुत्रं, गाडीचा आवाज, टीव्ही, जे कानावर पडलं ते. त्या वेळी घरात कोण जागं होतं. त्या दिवशी तुम्ही स्टेटसला काय ठेवलं होतं, माहेरी गेला होतात का, मिस्टर सुट्टी संपवून परत कधी गेले. आणि हे विसरू नका : केवळ ‘प्रायव्हेट’वाले नव्हे, त्या काळातला प्रत्येक अनोळखी कॉल लिहायचा, दिवसाचा मिस्ड कॉलसुद्धा. पोलीस कंपनीकडून यादी मागवतात तेव्हा शेकडो ओळी येतात. त्यातल्या कुठल्या ओळी महत्त्वाच्या, हे तुमची वही सांगते.

वहीचं बळ मला कधी कळलं, ते सांगते. भारनियमनाची वर्षं होती. कोरेगाव तालुक्यातल्या एका शाळेतल्या बाईंच्या लॅण्डलाइनवर रात्री नऊच्या सुमारास मुका फोन यायचा. बाईंनी दोन महिने नोंद ठेवली होती, अगदी आखून, निळ्या शाईने, प्रत्येक ओळीपुढे मिनिटं. पोलिसांच्या पत्रावरून आम्ही लाइन निरीक्षणाखाली घेतली आणि चौथ्या दिवशी नंबर सापडला. तो निघाला शेजारच्या गावातला एसटीडी बूथ. सगळे हिरमुसले, कारण बूथवर दिवसात शंभर माणसं येतात. मग वही पुन्हा चाळताना लक्षात आलं की मध्ये मध्ये सलग काही दिवस फोनच नाही, नंतर पुन्हा रोज. लोडशेडिंगचं वेळापत्रक शेजारी ठेवलं. ज्या आठवड्यात त्या गावाची वीज रात्री जायची, त्या आठवड्यात फोन नाही, कारण मीटरचं मशीन बंद म्हणून बूथ बंद. म्हणजे तो माणूस दुसऱ्या कुठल्या बूथवर जात नव्हता. त्याच बूथशी त्याचा काही संबंध होता. साध्या कपड्यातला हवालदार तीन रात्री तिथे पान खात बसला आणि तिसऱ्या रात्री बूथवाल्याच्या भाच्याला पकडलं. यंत्राने आम्हाला नंबर दिला होता, माणूस दिला तो बाईंच्या वहीने. आजही तसंच असतं. सिम दुसऱ्याच कुणाच्या नावावर निघतं आणि त्या नावापासून खऱ्या माणसापर्यंत जायला वेळा आणि खुणाच लागतात. सिम बदललं तरी हॅण्डसेट तोच असेल, तर त्याचा पंधरा आकडी आयएमईआय नंबर सीडीआरमध्ये दिसतो आणि दोन वेगवेगळी सिम एकाच हातातली आहेत हे कळतं.

फोन आला की काय करायचं? ‘हॅलो’ म्हणू नका. त्याला तुमचा आवाज हवा असतो, घाबरलेला असला तर अधिकच. पहिले तीन-चार सेकंद गप्प राहा. मिस्टरांचा फोन असेल तर ते आपणहून बोलतील. दुसराच कुणी असेल तर एकदा, फक्त एकदाच, शांतपणे म्हणा : ‘मला हे फोन नको आहेत. पुन्हा करू नका.’ आणि ते वाक्य ज्या तारखेला, ज्या वेळी म्हटलं, ते वहीत लिहा. यामागे कायद्याचं कारण आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ हे बाईचा पिच्छा पुरवण्याबद्दल आहे. तिने नको असल्याचं स्पष्ट दाखवल्यावरही पुरुष वारंवार संपर्क साधत राहिला तर तो गुन्हा, अशी त्याची रचना आहे. म्हणजे तुमचा नकार नोंदलेला असला की तक्रार घट्ट बसते. त्यानंतर एक अक्षर बोलायचं नाही. फोन उचलून उशीखाली ठेवून द्या, तो आपला ऐकत बसेल.

दिराला किंवा भावाला फोन देऊन शिव्या घालायला लावू नका. मला माहीत आहे, घरात पुरुषमाणूस असला की पहिल्यांदा हेच होतं. पण शिव्या खाल्ल्या की त्याला कळतं, बाण लागला. शिवाय तो तेवढंच रेकॉर्ड करून ठेवील आणि पुढे तुमच्याच माणसावर उलटवील.

तुम्ही मात्र रेकॉर्डिंग जरूर करा. जमत नसेल तर स्पीकरवर टाकून दुसऱ्या मोबाईलवर करा. ज्या फोनवर रेकॉर्ड झालंय तो विकू नका, फॉरमॅट करू नका. कोर्टात असा पुरावा दाखल करताना प्रमाणपत्र जोडावं लागतं. पूर्वी ते ६५-बी म्हणून ओळखलं जायचं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३. ते काम वकील करतील, पण मूळ फोन शाबूत हवा. कॉल लॉगचे स्क्रीनशॉट दर दोन-तीन दिवसांनी काढत जा, कारण जुन्या नोंदी हळूहळू पुसल्या जातात.

आता रात्रीची झोप. ‘अनोळखी कॉल बंद करा’ असं कुणी सांगितलं तर थांबा. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमच्या घरी त्यांची गल्लत परवडणार नाही. बऱ्याच ॲण्ड्रॉइड फोनमध्ये ब्लॉक केलेल्या नंबरांच्या यादीवरच ‘अननोन’ किंवा ‘प्रायव्हेट’ असं एक बटण असतं. ते फक्त नंबर न दाखवणारे कॉल अडवतं. नंबर दिसतो पण सेव्ह नाही, असे कॉल येतच राहतात. आयफोनमधली अनोळखी कॉल गप्प करण्याची सोय मात्र, चालू केली की, सेव्ह नसलेल्या नंबरांची घंटीच वाजू देत नाही. मिस्टर एखाद्या सहकाऱ्याच्या मोबाईलवरून किंवा युनिटच्या फोनवरून बोलत असतील तर तो कॉल हुकेल. म्हणून आधी मिस्टरांना विचारा, त्यांचा कॉल तुमच्याकडे कधी नंबराशिवाय येतो का. येत नसेल तर पहिलं बटण चालू करा. पण लगेच नको. आधी पंधरा दिवसांची वही होऊ द्या, तक्रार जाऊ द्या, मग करा. नाहीतर पुरावाच थांबेल. तेवढे दिवस सोसवत नसतील तर आजच लावा आणि झोपा. दोन महिन्यांच्या नोंदी कंपनीकडे आहेतच.

डू नॉट डिस्टर्ब लावून ठरावीक माणसांनाच घंटी ठेवण्याचीही सोय असते. ती वापरलीत तर त्यातलं ‘पुन्हा पुन्हा फोन करणारे’ हे बटण बंद करा. थोड्या वेळात दोनदा फोन लावणाऱ्याला ते आत सोडतं, आणि तुमचा हा माणूस तेच करत असणार. मिस्टरांबरोबर एसटीडीच्या काळातली खूण ठरवून ठेवा : अनोळखी फोनवरून लावायची वेळ आली तर आधी तुमच्या दिराला किंवा सासऱ्यांना एक रिंग, मग तुम्हाला. नाहीतर बोलताना पहिला शब्द ठरलेला. सैनिकांच्या घरी असल्या खुणा नव्या नाहीत.

तक्रारीकडे येते. ‘नंबर घेऊन या’ असं कुणी म्हटलं तर नम्रपणे सांगा : नंबर शोधणं हे तपासाचं काम आहे. माझा नंबर, माझी कंपनी आणि कॉलच्या वेळा मी दिल्यात, तेवढ्यावर यादी मागवता येते. कंपनी तुम्हाला स्वतःला येणाऱ्या कॉलची यादी देणार नाही, त्यामुळे कस्टमर केअरशी भांडून उपयोग नाही. पोलीस ती मागवू शकतात, तीही जिल्ह्यात पोलीस अधीक्षकांच्या पातळीवरून. म्हणून ठाण्यातल्या हवालदाराने ‘आत्ता लगेच बघतो’ म्हटलं नाही तर तो टाळतोय असं धरून चालू नका. कागद वरून फिरून येतो.

अर्ज एक पानाचा करा. जास्त लिहिलं की वाचलं जात नाही. तुमचं नाव, नंबर, कंपनी, सिम कुणाच्या नावावर आहे ते. पहिला कॉल कधी, शेवटचा कधी, एकूण किती. नाव घेतलं त्या दोन कॉलची तारीख-वेळ वेगळी. नकार दिला ती तारीख. शेवटी : ‘माझ्या वरील क्रमांकावर आलेल्या कॉलची माहिती मागवून गुन्हा नोंदवावा.’ वहीची झेरॉक्स जोडा, वही स्वतःकडे ठेवा. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. सिम मिस्टरांच्या नावावर असेल तरी तक्रार तुम्ही करू शकता, फक्त अर्जात तसं लिहा. तुमचा जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यावा, अशी या कलमांसाठी तरतूद आहे. ती मागायला लाजू नका. निर्भया पथक आणि जिल्ह्याची सायबर शाखाही आहे. रात्रीच दाराशी कुणी आलं, नाहीतर ‘घराबाहेर उभा आहे’ असं फोनवर म्हणाला, तर वही-बिही बाजूला ठेवा आणि ११२ लावा.

कलमांबद्दल थोडं. ७८ मध्ये पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण गुन्हा जामीनपात्र आहे. तो सुटून गावात दिसला तर केस संपली असं समजू नका. दुसऱ्यांदा दोषी ठरला तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आणि जामीन हक्काने मिळत नाही. धमकी दिली असेल तर कलम ३५१ लागतं, आणि ओळख लपवून धमकी दिली म्हणून त्यातच वेगळी दोन वर्षांपर्यंतची जादा शिक्षा आहे. लपवाछपवीने त्याचं ओझं वाढतंच. अश्लील बोलला असेल तर ७५ आणि ७९. कुणी ‘आयटी कायद्याचं ६६-ए लावा’ म्हणालं तर ते सोडून द्या, सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला ते रद्द केलंय. ठाण्यात तक्रार घेतलीच नाही तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तशी सोय आहे, आणि त्यापुढे मॅजिस्ट्रेटकडेही जाता येतं.

काही गोष्टींवर पैसे आणि वेळ घालवू नका. लपलेला नंबर ट्रूकॉलरला दाखवता येत नाही, त्याला नंबर मिळाला तरच नाव येतं, आणि ते नावही बहुतेकदा लोकांनी आपापल्या मोबाईलमध्ये जे सेव्ह केलंय तेच. यूट्यूबवर ‘स्टार ५७ दाबा’ वगैरे सांगतात, तो अमेरिकेतला नंबर आहे. ‘पाच हजारात सीडीआर काढून देतो’ म्हणणाऱ्याला तर उभंच करू नका. ते बेकायदा आहे. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी असं सीडीआर विकणारं जाळं पकडलं, त्यात खासगी गुप्तहेर आत गेले. आणि तुमच्या नावावर कुणी भलतंच सिम काढलंय का, हे सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर एकदा बघून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

दिवसा कामाच्या वेळेत येणारे, उचलल्यावर दोन-तीन सेकंद शांत राहून कट होणारे फोन वेगळे. तिथे यंत्र एकदम अनेक नंबर फिरवतं आणि बोलायला माणूस मोकळा नसला की लाइन सोडून देतं. त्यासाठी जाहिरातींच्या नकोशा कॉलची तक्रार करायचा १९०९ हा नंबर आहे. तुमचे फोन त्यातले नाहीत. यंत्राला तुमचं नाव रात्री एक वाजता हळू आवाजात घ्यायचं काही कारण नाही.

सासूबाईंचं शेवटी घेते, पण माझ्या मनात ते पहिल्यापासून आहे. अशा प्रकरणात फोनपेक्षा घरातल्या नजरेने बाई खचते, हे मी वारंवार पाहिलंय. वही लपवून लिहू नका. उघड, स्वयंपाकघरातल्या फडताळावर ठेवा. आज रात्री फोन आला तर सासूबाईंना उठवा, स्पीकर लावा आणि त्यांनाच वेळ लिहायला सांगा. अक्षर येत नसेल तर त्या घड्याळ बघून सांगतील, तुम्ही लिहा आणि पुढे लिहा : ‘सासूबाई हजर.’ पोलिसांच्या दृष्टीने त्या साक्षीदार होतात. आणि मिस्टरांनाही सांगा. तिकडे काळजी नको म्हणून बायका गप्प बसतात, मग ते गावातल्या मित्राकडून भलत्याच शब्दांत कळतं. जवानाच्या घरच्या तक्रारी युनिटमार्फत जिल्हा प्रशासनाकडे आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे पाठवता येतात. साताऱ्यात ते कार्यालय आहे, आणि पोलीस अधीक्षकांच्या टेबलावर युनिटचं पत्र आलं की कागद लवकर हलतो.

वहीचं पहिलं पान आजच भरा. मागचे दोन महिने आठवतील तेवढे, कॉल लॉगमध्ये सापडतील तेवढे, आणि जिथे वेळ नक्की आठवत नाही तिथे ‘अंदाजे’ असं लिहा. पंधरा दिवसांनी ती घेऊन साताऱ्यात या, अर्ज आपण मिळून लिहू.